‘क्षि’ म्हणजे अक्षरं किती? आणि चहाच्या टेबलावरचे आणखी काही वाद

या वेळचे बहुतेक प्रश्न म्हणजे अर्धवट राहिलेली भांडणं आहेत. ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा घरच्या ग्रुपवर सुरू झालेली आणि ‘जाऊ दे, विचारून टाकू’ म्हणून आमच्याकडे आलेली. मराठी अक्षरांबद्दलच्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांची उत्तरं सहसा कुणी नीट देत नाही.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या नोंदणी फॉर्मवर ‘नाव जास्तीत जास्त ५० अक्षरं’ असं लिहिलंय. ‘ज्ञानेश्वर श्रीकृष्ण’ एवढं लिहिलं, म्हणजे मोजून सात अक्षरं झाली, तरी फॉर्म ‘नाव फार मोठं आहे’ म्हणून परत येतो. प्रोग्रामर शपथेवर सांगतो की मर्यादा ५०चीच आहे. खोटं कोण बोलतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर: कुणीच नाही. तुम्ही अक्षरं मोजताय, डेटाबेस बाइट मोजतोय.

‘क्षि’ घ्या. डोळ्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्याचं मानक) ते चार खुणांनी बनतं: क, पाय मोडण्याची खूण, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. या प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक असतो, त्याला कोडपॉइंट म्हणतात. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट खातो, म्हणजे ‘क्षि’चे झाले १२ बाइट. म्हणून पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषा ‘क्षि’ची लांबी ४ सांगतात, गो आणि रस्ट १२ सांगतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लेंग्थ वापरलं तर १२, कॅर-लेंग्थ वापरलं तर ४. माणसाला दिसणारं अक्षर मोजण्यासाठी युनिकोडचा ‘ग्राफीम क्लस्टर’ नावाचा वेगळा नियम आहे. पण २०२३ मध्ये १५.१ ही आवृत्ती येईपर्यंत तो नियमही जोडाक्षर पाय मोडल्याच्या जागी तोडायचा: ‘क्’ एक, ‘षि’ दोन. नवा नियम पाळणारी लायब्ररी १ म्हणते, जुनी २. म्हणजे एकाच अक्षराची १, २, ४ आणि १२ अशी चार उत्तरं मिळतात, आणि चारही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता तुमचं नाव. ‘ज्ञानेश्वर’मध्ये १० कोडपॉइंट, म्हणजे ३० बाइट. ‘श्रीकृष्ण’मध्ये ९, म्हणजे २७. मधल्या रिकाम्या जागेचा एक. एकूण ५८, आडनाव अजून यायचंच आहे. तुमचा डेटाबेस ओरॅकल असेल तर संशय पक्का धरा. तिथे व्हारकॅर-२ या मजकुराच्या स्तंभाच्या कंसात नुसतं ५० लिहिलं की मूळ सेटिंगनुसार ते ५० बाइट धरले जातात, म्हणजे मराठीचे जेमतेम १६ कोडपॉइंट. कंसात ५० नंतर ‘कॅर’ हा शब्द लिहिला की कोडपॉइंट मोजले जातात. तेवढ्यानं मात्र भागणार नाही, कारण तुमच्या सात अक्षरांनी आणि एका रिकाम्या जागेनं मिळून २० कोडपॉइंट खाल्लेत. पूर्ण नावासाठी १५० ठेवा. जागा वाया जात नाही, डेटाबेस वापरल्या तेवढ्याच बाइटांची जागा घेतो. फॉर्मवर माणसाला दिसणारी संख्या दाखवायची असेल तर जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’खालचं ‘सेगमेंटर’ वापरा. लांबी मोजणाऱ्या नेहमीच्या ‘लेंग्थ’वर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका: ‘जास्त झालं तर मागचं कापून टाक.’ बाइटच्या मधोमध कापलं की काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह दिसतं, ते निदान लक्षात तरी येतं. कोडपॉइंटच्या सीमेवर कापलं तर ‘पाणी’चं ‘पाण’ होतं, ‘कुलकर्णी’चं ‘कुलकर्ण’ होतं, आणि प्रमाणपत्र छापून हातात येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

प्रश्न: आमच्या साइटवर ‘ॲप’ शोधलं की अर्धेच लेख सापडतात. ‘दऱ्या’ शोधलं की कधी काहीच नाही, कधी समुद्रावरच्या कविता. सर्च इंजिन बदलावं असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो की मराठीतच घोळ आहे.
— एक संपादक, पुणे

उत्तर: इंजिन बदलून काही होणार नाही. ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतःची जागा मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून ‘अॅ’ लिहायचे आणि कितीतरी कीबोर्ड अजून तेच करतात. दिसायला दोन्ही सारखे, आत पहिल्यात एक कोडपॉइंट आणि दुसऱ्यात दोन. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी वगैरे, या दोघांना एक मानत नाही. त्यामुळे ‘आम्ही नॉर्मलाइज करतो’ हे उत्तर इथे चालत नाही.

दुसरा घोळ अर्ध्या ‘र’चा. ‘दऱ्या’मधला आडवा र काही कीबोर्ड ‘ऱ’ अधिक पाय मोडण्याची खूण असा लिहितात, तर काही साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण (शून्य रुंदीचा जॉइनर) असा. खरा अपघात पुढे होतो. कुणीतरी ‘फालतू अदृश्य खुणा काढून टाका’ अशी सफाईची स्क्रिप्ट चालवतो, जोडखूण उडते आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्रातला ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्यांना मानधन दिले’चं ‘आचार्यांना मानधन दिले’ होतं. हिशेबाच्या कागदावर हे फार महागात पडतं.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. साठवताना आणि शोधताना, दोन्ही ठिकाणी, एकच बदलयादी चालवा: ‘अ’ अधिक चंद्र दिसला की ‘ॲ’, र, पाय मोडण्याची खूण आणि जोडखूण असा क्रम दिसला की ‘ऱ’ आणि पाय मोडण्याची खूण. हे झाल्यावरच उरलेल्या अदृश्य खुणा काढायच्या. क्रम उलटा केला तर वर सांगितलेला अपघात तुम्ही स्वतःच्या हातानं कराल. जुन्या लेखांची अनुक्रमणिका मग एकदा नव्यानं बांधून घ्या.

प्रश्न: वर्गणीचा एसएमएस इंग्रजीतच आहे, १५० अक्षरांचा. या महिन्यात फक्त ‘आरएस’च्या जागी ₹ टाकलं, तर एका संदेशाचे तीन संदेश धरले. हा काय हिशेब?
— एका पतसंस्थेचे कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर: हिशेब बरोबर आहे, कितीही चीड आली तरी. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६०. त्या ७ बिटांच्या तक्त्यात ₹ नाही. तक्त्याबाहेरची एक खूण आली की सगळा संदेश १६ बिटांच्या पद्धतीत जातो आणि मर्यादा ७०वर येते. त्याहून लांब संदेशाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती जात असल्यानं ६७च मावतात. दोन तुकड्यांत १३४, तुमचे १५०, म्हणून तीन.

₹ काढून पुन्हा रोमन आरएस लिहा. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं आणि लांब डॅशही हाच प्रताप करतात, तीही शोधा. मराठीत संदेश पाठवायचा तर ७०च्या आतच बसवा आणि मोजताना कोडपॉइंट मोजा: एकटं ‘महाराष्ट्र’ १० खातं. टेम्प्लेट मंजुरीला पाठवण्याआधी, बदलत्या जागांत सर्वांत लांब नाव आणि सर्वांत मोठी रक्कम घालून मोजणी करा.

प्रश्न: पायथनमध्ये ०.१ + ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. टीममधला एक जण याला पायथनचा बग म्हणतो. आणि आमच्या बिलात २.६७५चं पायथन २.६७ करतं, एक्सेल २.६८ करतं. ग्राहकाला काय सांगायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी पायथनला निर्दोष सोडू. जावा, जावास्क्रिप्ट, सी, कुणालाही विचारा, बेरीज आत हीच होते, कारण सगळे आयईईई ७५४ या मानकाचे ६४ बिटांचे अपूर्णांक वापरतात. काही जण छापताना शेपूट लपवतात, एवढंच.

दशमानात एक तृतीयांश लिहायला बसलात तर ०.३३३ संपतच नाही. द्विमान पद्धतीत तीच गत एक दशांशाची होते, ००११ हा गट पुन:पुन्हा येत राहतो. संगणक ५३ सार्थ बिटांवर थांबतो आणि सर्वांत जवळची संख्या ठेवतो. ती ०.१पेक्षा अगदी किंचित मोठी असते, फरक अठराव्या दशांशस्थळी सुरू होतो. ०.५ आणि ०.२५ मात्र तंतोतंत बसतात, कारण ते अर्धा आणि पाव आहेत. म्हणून ‘अपूर्णांक नेहमी चुकतात’ हेही खरं नाही. पूर्णांक तर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत, म्हणजे २चा ५३वा घात, बिनचूक राहतात.

२.६७५ची गंमत वेगळी. आत साठलेली संख्या २.६७४९९९… आहे. पायथन तिला प्रामाणिकपणे २.६७ करतं. एक्सेल माणसाच्या अपेक्षेकडे झुकतं आणि २.६८ देतं. त्यात पायथनचं राउंड बरोबर मधोमध असलेली संख्या सम अंकाकडे नेतं (२.५चे २ होतात), एक्सेल मात्र ३ करतं. एकाच बिलावर दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळतात आणि वाद रंगतो.

पैशांसाठी रस्ते दोनच. एक, सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा: ₹२६७.५० म्हणजे २६७५०. दोन, डेसिमल (संख्या दशमानातच ठेवणारा) प्रकार वापरा. डेटाबेसमध्येही डेसिमल, १२ अंकी, दोन दशांशस्थळं. पायथनचा डेसिमल बनवताना संख्या अवतरणात द्या. अवतरणाशिवाय ०.१ दिलंत तर आधी फ्लोट (वर सांगितलेला ६४ बिटांचा अपूर्णांक) बनतो आणि त्याची चूक पंचावन्न दशांशस्थळांसकट डेसिमलमध्ये येते. निम्मे लोक इथेच फसतात आणि मग ‘डेसिमलनंही फरक पडला नाही’ म्हणतात. शिवाय राउंडिंग ओळीवर करायचं की एकूण रकमेवर, वर की समाकडे, हे लेखापालाकडून लिहून घ्या. तो प्रश्न संगणकाचा नाहीच.

तापमान, अंतर, वजन यांना मात्र साधे फ्लोट भरपूर झाले, १५-१६ अंकांची अचूकता कुठल्याच तराजूत नसते. फक्त दोन फ्लोट ‘समान आहेत का’ असं विचारू नका, ‘फरक पुरेसा लहान आहे का’ असं विचारा. वाद आणखी पेटवायचा असेल तर टीमला हे दाखवा: ०.१ दहा वेळा लूपमध्ये मिळवलं की १ भरत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, पण पायथन ३.१२ पासून तयार ‘सम’ वापरलं तर बरोबर १ येतं, कारण तिथे बेरीज करताना सुटलेली चूक वेगळी जपली जाते.

हे पुस्तकी भांडण नाही. २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. घड्याळ दशांश सेकंदांत मोजत होतं, ०.१ हा २४ बिटांत कापून ठेवला होता, आणि १०० तास न थांबता चालल्यावर चूक सुमारे ०.३४ सेकंदावर गेली होती.

प्रश्न: सोसायटीत १० मजले, ४० फ्लॅट, पार्किंग कमी. सेक्रेटरींच्या मुलानं सोडतीचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या पाचांत दोन फ्लॅट सातव्या मजल्याचे निघाले आणि सातव्यावरच सेक्रेटरी राहतात. प्रोग्राममध्ये गडबड आहे का?
— एक रहिवासी, डोंबिवली

उत्तर: दोन फ्लॅट एका मजल्याचे, हा पुरावा नव्हे. तुमच्या आकड्यांवर हिशेब केला: पहिल्या पाच चिठ्ठ्यांत किमान दोन एकाच मजल्याच्या निघण्याची शक्यता ६१ टक्के आहे. न निघाल्या असत्या तरच थोडं नवल.

प्रोग्राम मात्र तपासाच. तिथे खरीखुरी चूक असू शकते. नवशिका माणूस सहसा असं लिहितो: यादीतल्या प्रत्येक जागेची अदलाबदल ‘सगळ्यांपैकी कुठल्याही एकी’शी करा. तीन फ्लॅट घेऊन बघा. अशा अदलाबदलीचे मार्ग होतात २७, तीन फ्लॅटांचे क्रम मात्र ६. सत्तावीसला सहानं भाग जात नाही. त्यामुळे तीन क्रमांना २७ पैकी ५ वेळा संधी मिळते, उरलेल्या तिघांना ४ वेळा. बरोबर पद्धत फिशर-येट्सची: शेवटच्या जागेची अदलाबदल सगळ्यांतल्या कुठल्याही एकीशी (ती स्वतः धरून), मग तिला हात लावायचा नाही; शेवटून दुसरीची अदलाबदल उरलेल्यांतच, असं मागे मागे. तीन फ्लॅटांना मार्ग ६, क्रमही ६. सॉर्ट करताना तुलनेच्या जागी नाणेफेक घालण्याची युक्ती तर त्याहून वाईट.

एक्सेलमध्ये करायचं तर अ स्तंभात फ्लॅट, ब स्तंभात रॅण्ड (यादृच्छिक आकडा देणारं सूत्र). ब कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त किमती (व्हॅल्यूज) चिकटवा, मग दोन्ही स्तंभ निवडून ‘ब’नुसार लावा. किमती आधी चिकटवल्या नाहीत तर सॉर्ट होताच आकडे बदलतात आणि समोर बसलेल्यांना यादी चुकीची लावल्यासारखी दिसते. शिवाय एफ-९ दाबलं की नवे आकडे येतात, आणि बंद खोलीत ते किती वेळा दाबलं हे कोण सांगणार? सगळ्यांसमोर, एकदाच. खरं सांगायचं तर ४० घरांसाठी सारख्या कागदाच्या, सारख्या घडीच्या चिठ्ठ्या आणि एक डबा यापुढे एक्सेलची गरज नाही. सेक्रेटरींनी मात्र डब्यात हात घालू नये, घरातलं लहान मूल बोलवावं.

प्रश्न: मायक्रोवेव्ह लावला की वाय-फाय मरतं. ‘म्हणजे किरणं गळतात, आणि पाण्याच्या अनुनादाची वारंवारता तीच असते म्हणून ते घातक’ असं मेहुणे म्हणतात. खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: किंचित गळतात हे खरं, पुढचं नाही. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो आणि वाय-फायचा जुना पट्टाही २.४ गिगाहर्ट्‌झचा. लॅपटॉपपर्यंत पोहोचणारा चांगला सिग्नल (उणे ६० डीबीएम) म्हणजे एका वॅटचा अब्जांश. ओव्हन आत ८०० वॅट वापरत असताना दाराच्या फटीतून नगण्य अंश जरी निसटला तरी त्याच्यापुढे वाय-फायचा सिग्नल कुजबुजच. अंग तापवायला मात्र तो निसटलेला अंश कुठेच पुरत नाही.

पाण्याचा अनुनाद ही अफवा आहे. खोलीच्या तापमानाला पाणी सर्वांत जास्त शोषून घेतं ते २० गिगाहर्ट्‌झच्या आसपास. २.४५ निवडलं ते उद्योगांसाठी मोकळा ठेवलेला पट्टा म्हणून. कारखान्यांतले काही ओव्हन ९१५ मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि तेही पदार्थ तापवतात.

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या जाळ्याला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉप त्यावर न्या. जुनं उपकरण फक्त २.४चं असेल तर चॅनेल १ ठेवून पाहा, ते ओव्हनपासून सर्वांत लांब. ओव्हनमध्ये कपभर पाणी ठेवून (रिकामा कधीच लावू नका) एक मिनिट पिंग (जाळ्याचा प्रतिसाद मोजणारी आज्ञा) चालवा आणि आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. दाराच्या कडेला चिकटलेलं तूप-तेल पुसा. दार वाकलं किंवा कडी सैल असेल तर वापर थांबवून दुरुस्तीला द्या. बंद ओव्हनमध्ये फोन ठेवून रिंग वाजते का बघण्याची ‘टेस्ट’ करू नका. फोनला रेषभर सिग्नल पुरतो, त्यामुळे रिंग वाजल्यानं काही सिद्ध होत नाही.

प्रश्न: एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलं?
— एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर: नाही. डब्यावरचा टीबी म्हणजे १०चा १२वा घात बाइट. विंडोज त्याला १०२४ × १०२४ × १०२४नं भागतं आणि तरी ‘जीबी’च लिहितं. त्या मोठ्या मापाला १९९८ पासून ‘गिबीबाइट’ असं वेगळं नाव आहे, पण बोलतं कोण? मॅक २००९ पासून दशमानात मोजतो, तिथे हीच डिस्क १ टीबी दिसेल. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ५९.६च्या आसपास दिसला तर ठीक. (जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी आठवते? ती १४४० × १०२४ बाइटांची, म्हणजे दोन्ही मापांची खिचडी.) बनावट पेन ड्राइव्ह दिसणाऱ्या आकड्यावरून ओळखता येत नाही, तो काठोकाठ भरून परत वाचून बघावा लागतो, त्यासाठी एफ-३ हे फुकट साधन आहे.

प्रश्न: २०३८ मध्ये संगणक बंद पडणार, हे वाय-टू-के सारखंच उगाच का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: वाय-टू-के (२००० साल लागताना दोन अंकी सालांमुळे संगणक बिघडतील ही भीती) उगाच नव्हतं, आधी दुरुस्त्या झाल्या म्हणून निभावलं. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत (चिन्हासह) मोजणारी घड्याळं मंगळवार, १९ जानेवारी २०३८ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतात आणि पुढच्या ठोक्याला डिसेंबर १९०१ मध्ये जातात. आजचे ६४ बिटांचे फोन आणि लॅपटॉप यातून सुटले आहेत. जुने डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे), हजेरीची यंत्रं तपासा. पण सर्वांत आधी आपल्या डेटाबेसमध्ये बघा: मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ स्तंभ त्याच क्षणी संपतो, ‘डेटटाइम’ ९९९९ सालापर्यंत जातो. आज वीस वर्षांचं गृहकर्ज दिलंत तर शेवटच्या हप्त्याची तारीख टाइमस्टॅम्पमध्ये बसत नाही, आणि ती चूक दाखवायला यंत्र २०३८ची वाट बघणार नाही.